कचरागाडीच्या मागची दोरी

माझ्या बाबांच्या उजव्या हाताला अंगठा आहे, बोटं नाहीत. मी शाळेत होते तेव्हा ती कचरागाडीत गेली.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. पाणी खालच्या नळावरून वर चढवायचं. ते बाबांचं काम. ड्युटीवर जायच्या आधी ते दोन्ही हातांत कॅन घेऊन पायऱ्या चढायचे आणि वाटेत कुणाशी तरी मालवणीत भांडूनही यायचे. हात गेल्यावर कॅन आईकडे आले, मग माझ्याकडे. आईने एका पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटायचं काम धरलं. सकाळी ती निघायच्या आधी बाबांच्या पँटचं बटण लावून द्यायची. ती लावत असायची तेव्हा बाबा वर पत्र्याकडे बघत राहायचे. एका खोलीत न बघायला जागा कुठे असते? मी भिंतीकडे तोंड करून पुस्तक उघडायची. चाळीत सगळे म्हणायचे, पोरगी अभ्यासू आहे. खरं कारण ते पत्र्याकडे बघणं होतं.

बाबांनी मासे खायचे सोडले. डाव्या हाताने काटे निघेनात. आई काढून द्यायला गेली तर ताट सरकवून म्हणाले, "काटे काढून देऊक मी काय लहान पोर आसंय?" मालवणी माणूस वरणभातावर आला. घरात कुणी मेल्यासारखं शांत जेवण व्हायचं.

झालं होतं ते असं. बाबा पालिकेच्या कचरागाडीवर लोडर होते. गाडीच्या मागे उघडं तोंड असतं, त्यात डबा उलटा करायचा, मग वरून एक मोठं लोखंडी पातं खाली येतं आणि कचरा आत ओढून दाबतं. कडेला एक लाल बटण असतं. काही अडकलं, कुणी अडकलं, की ते दाबायचं, पातं जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी एका गोणीची सुतळी बाबांच्या मनगटाला गुंडाळली गेली आणि पातं खाली यायला लागलं. त्यांच्या जोडीदाराने लाल बटण दाबलं. पातं थांबलं नाही. त्याने बटणावर बुक्क्या मारल्या. पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरला ओरडणं ऐकू जाईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं.

चौकशी झाली. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं ठरलं. बाबांना चौकीवर बसायचं हलकं काम मिळालं. ते बटण का चाललं नाही, हे कुणी विचारलं नाही.

नातेवाईक मला सांगायचे, कशाला एवढं शिकतेस, बापाची जागा आहे ना, वारसा हक्काने चिकटशील. मला ती जागा नको होती. मी आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग डिग्री. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही, मान वर करूनच सांगते. बाबांचं म्हणणं होतं, बँकेची परीक्षा दे. मी पालिकेची दिली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजात आले, जिथे कचरागाड्या, टँकर, जेसीबी, सगळं दुरुस्तीला येतं.

पहिल्या सकाळी मी गाड्या निघायच्या आधी पोचले आणि रांगेतल्या प्रत्येक कचरागाडीच्या मागे जाऊन पातं चालू करायला लावलं, लाल बटण दाबलं. बहुतेक गाड्यांचं पातं माझ्याकडे लक्ष न देता खाली येत राहिलं.

मिस्त्री, म्हणजे गॅरेजचे सगळ्यात जुने मेकॅनिक, चहा पीत बघत होते. म्हणाले, "मॅडम, ते बटण शोभेचं आहे. मखराला झालर असते ना, तसं."

"डायरेक्ट केलंय?"

"मग काय करणार? कचऱ्याचं पाणी आत शिरतं, कॉन्टॅक्ट सडतात, मशीन भर गल्लीत बंद पडतं. मग वॉर्डातून फोन, गाडी टोइंग करून आणा. एवढीशी वायर टाकली की झंझट खलास."

एवढीशी वायर. बटणाच्या मागच्या दोन टोकांना जोडलेला तांब्याचा तुकडा. तो लावला की बटण दाबा, नाहीतर त्याची आरती करा, यंत्राला कळतच नाही. मी उभी होते तिथे मला बाबांच्या जोडीदाराच्या बुक्क्या ऐकू आल्या.

मी हुकूम काढला, लाल बटण चालल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. स्टोअरमध्ये नवीन बटणं नव्हती. मागणी कुठल्या तरी टेबलावर अडकली होती. एकेक गाडी आत राहायला लागली आणि तिकडे गल्ल्यांमध्ये डबे भरून वाहायला लागले. वॉर्डाचे फोन सुरू झाले. माझे साहेब, कार्यकारी अभियंता, स्वतः खाली आले.

"गाडी चालते ना?"

"चालते सर. थांबत नाही."

"मग सोड ना! थांबवायचीय कुणाला?"

एक स्थानिक पुढारी तर टेम्पो भरून कचरा घेऊन आला आणि आमच्या फाटकासमोर ओतला. माइक घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाड्या आजारी आहेत म्हणे! मग आमचा कचरा पण तुमच्याकडेच ॲडमिट करून घ्या!" लोक हसले. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. पण मला त्या दिवशी हसायला आलं नाही. तो कचरा उचलायलाही गाडी हवी होती आणि गाडी मीच आत ठेवली होती.

शेवटी इकडून तिकडून बटणं मिळवून मिस्त्रींनी बसवली, गाड्या गेल्या. मी घरी जाऊन आईला म्हटलं, झालं. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा बटणं दाबून पाहिली, तर पुन्हा तीच कथा. मी मिस्त्रींवर चिडले, सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग एका लोडरला हाक मारली आणि म्हणाले, "डबी दाखव रे मॅडमना."

तंबाखूची डबी होती. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, आणि चुन्याच्या शेजारी वेटोळं करून ठेवलेली तांब्याची तार.

"आम्ही लावत नाही मॅडम," मिस्त्री म्हणाले. "हेच लावतात. रस्त्यावर."

ज्यांचे हात जाणार होते तेच बटण निकामी करत होते. मी त्या लोडरला विचारलं, का? तो बाबांच्या बरोबरचा, रिटायरमेंटला आलेला, मला लहानपणापासून ओळखणारा.

"बाय, तू पंख्याखाली बसतेस. आमचा डबा वर चढतो ना, त्याचं हँडल बरोबर त्या बटणावर आदळतं. मशीन बंद. मग ड्रायव्हर उतरणार, चावी फिरवणार, मागे रिक्षावाले आईबहिणीवरून शिव्या घालणार. प्रत्येक डब्याला हेच. मग मानखुर्दच्या अलीकडे डंपिंगला लाइन. घरी कधी जायचं?"

"आणि हात गेला तर?"

"तुझ्या बापाचा गेला. माझा नाही ना गेला." मग जरा थांबून म्हणाला, "राग मानू नको हां. पण असंच असतं."

पुढचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. मी रोज सकाळी तारा काढायला लावायची, ते रोज गल्लीत लावायचे. मी डब्या जप्त केल्या तर युनियनवाले आले, आमच्या तंबाखूवर हात टाकू नका म्हणून. फोन वाजला की मी तो पालथा ठेवायची. घरचा असला तरी. बाबा संध्याकाळी दारात उभे असायचे आणि मी चपला काढायच्या आत विचारायचे, "सगळ्यांचे हात घराक गेले मां?" मी हो म्हणायची. ते आत जायचे. तो प्रश्न मला नको व्हायला लागला. मी मुद्दाम एक स्टॉप आधी उतरून बाजारात रेंगाळायची.

आणि मग मी थकले. वॉर्डाचा फोन आला की गाडी सोडायला लागले. दाबून न बघता.

अशाच एका सोडलेल्या गाडीवर ते झालं. दुपारी एक लोडर माझ्या केबिनमध्ये आला. वडील वारल्यावर त्यांच्या जागेवर लागलेला, बोलायला एकदम कमी. त्याने टेबलावर एक हातमोजा ठेवला. मोजा कसला, चपटी, चिरडलेली रबराची पट्टी. पालिकेचे हातमोजे सगळ्यांना एकाच मापाचे येतात, ढगळ. त्याचा मोजा पात्यात अडकला, जोडीदाराने बटण दाबलं, पातं थांबलं नाही, आणि मोजा ढगळ होता म्हणून हात सटकून बाहेर आला. तार त्यानेच सकाळी लावली होती.

"मॅडम, नवीन मोजा द्या," तो म्हणाला. बाकी काही नाही. एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून उभा होता.

मी मोजा दिला. मग स्टोअरच्या मागे टायरच्या थप्पीआड जाऊन जमिनीवर बसले आणि ओढणी तोंडात कोंबून रडले. डिग्री होती, अधिकार होता, कारण माहीत होतं, आणि तरी माझ्याच गॅरेजातून हात कापायची यंत्रं रोज सकाळी बाहेर जात होती. त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मला हो म्हणता आलं नाही. झालेलं सांगितलं. बदली मागते म्हटलं, पाणी खात्यात, कुठेही.

मला वाटलं होतं ते धीर देतील. ते म्हणाले, "मी तुका तेव्हाच सांगितलंय, बँकेत जा." आणि भिंतीकडे वळून झोपले.

मी बदली मागितली नाही. धैर्य वगैरे नव्हतं. तो मोजा टेबलावरून हलवायची हिंमत होत नव्हती, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच गाडीच्या मागोमाग फेरीला गेले. घाटकोपरच्या गल्ल्यांमधून पायी, नाकाला रुमाल लावून. लोडर एकमेकांना डोळे मारत होते. "मॅडम, पुढच्या महिन्यात आमचा पगार पण तुम्हीच घ्या!" मी प्रत्येक डबा वर चढताना बघितला. हँडल खरंच बटणावर आदळत होतं. गाडी बनवणाऱ्यांनी वेगळ्या डब्याच्या मापाने बटण बसवलं होतं, आपले डबे उंच. आणि दुसरं दिसलं ते जास्त वाईट. ज्याचा हात अडकेल त्याला स्वतःला त्या बटणापर्यंत पोचताच येणार नव्हतं. बाबांनाही आलं नसतं.

म्हणजे बटण दुरुस्त करत बसणं हीच चूक होती. मी नको त्या गोष्टीसाठी सगळ्यांशी भांडत होते.

डिप्लोमाच्या वेळी मुलुंडच्या एका कारखान्यात मी ट्रेनिंग केलं होतं. तिथे माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या कडेने एक दोरी ताणलेली असायची. कुठूनही ओढा, पट्टा बंद. जुन्या बसमध्ये कंडक्टर घंटेची दोरी ओढायचा, तसंच. मी कागदावर काढलं. गाडीच्या मागच्या तोंडावर, डोक्याच्या जरा वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी. स्विच एका टोकाला उंचावर, बंद डबीत, कचऱ्याचं पाणी पोचणार नाही असा. डब्याचं हँडल तिथवर जात नाही. अडकलेल्या माणसाचा दुसरा हात जातो. आणि पुन्हा चालू करायला ड्रायव्हरला उतरायला नको, मागूनच करता येतं. मिस्त्रींनी कागद उलटसुलट बघितला. "झकास आहे. पण साहेब नाही म्हणणार."

एका गाडीवर आम्ही ती बसवली. पहिल्याच दिवशी लोडरांनी डोक्यावरची दोरी बघून कंडक्टरसारखं "पुढे चला, पुढे चला, पुढे जागा आहे!" म्हणून गॅरेज डोक्यावर घेतलं. पण संध्याकाळी कुणी तार लावली नव्हती. गरजच पडली नव्हती.

साहेब नाही म्हणाले.

"गाडीत बदल करायचा तर गाडी बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, अभियंत्याने फेरफार केला."

"आणि आज काही झालं तर सर?"

"आज काही झालं तर कामगाराचा निष्काळजीपणा."

ते हे वाईट मनाने बोलले नाहीत. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी त्यांना माझ्या बाबांबद्दल कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. कंपनीला विचारलं, उत्तर आलं नाही. दोरीची गाडी उभी करून ठेवायचा आदेश आला. लोडर त्या दोरीवर रेनकोट वाळत घालायला लागले.

खंडेनवमी आली. आमच्या गॅरेजात तो मोठा दिवस. सगळ्या गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात, नट आवळायचे पाने आणि जॅक पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. साहेब पांढरा कुर्ता घालून येतात, नारळ फोडतात. मग कोहळा. कोहळ्याला खाच पाडून आत कुंकू भरायचं आणि तो चाकापुढे फोडायचा, म्हणजे वर्षभर गाडी रक्त मागत नाही. हे सगळे मानतात. मीही मानते.

आदल्या दिवशी मी मिस्त्रींना सांगितलं, यंदा दोन कोहळे आणा आणि माझ्याकडे द्या. काय करणार ते सांगितल्यावर ते दचकले.

"मॅडम, पूजेत असलं काही नको हां. देवाला राग येईल."

"देव त्या गाडीच्या मागे कधी उभा राहिलाय का, मिस्त्री?"

मिस्त्रींनी कानाच्या पाळ्या धरल्या. पण कोहळे तेच घेऊन आले, निवडून, मोठे.

पूजा झाली. स्पीकरवर आरती जोरात चालू होती. मी साहेबांना एका गाडीच्या मागे घेऊन गेले. "सर, ही कालच फेरी करून आलेली गाडी. तुमच्या हस्ते हिचा कोहळा करायचाय. पातं आलं की तुम्ही फक्त लाल बटण दाबा. कोहळा वाचला पाहिजे." साहेब खुश. लोक गोळा झाले. मोजावाल्या लोडरने कोहळा आत ठेवला आणि पातं चालू केलं.

साहेबांनी हसत बटण दाबलं. पातं येत राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग तळहाताने. मग दोन्ही हातांनी बुक्क्या. "अरे बंद कर! बंद कर!" पुढे ड्रायव्हरला आरतीच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. कोहळा कडकडून फुटला आणि आतलं कुंकू साहेबांच्या पांढऱ्या कुर्त्यावर, तोंडावर उडालं.

कुणी हसलं नाही. तो म्हातारा लोडर, मला बाय म्हणणारा, मान वळवून निघून गेला. मला माहीत होतं त्याला काय दिसलं होतं. बाबांची बोटं गेली त्या दिवशी त्यांचा जोडीदार तोच होता.

मग मी दोरीच्या गाडीत दुसरा कोहळा ठेवला. पातं अर्ध्यावर आल्यावर दोरी ओढली. ते थांबलं. कोहळा आहे तसा होता. मी तो उचलून साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. मांडीवर कोहळा घेऊन.

मला मेमो आला, पूजेच्या कार्यक्रमात गैरवर्तन केल्याबद्दल. मी उत्तर दिलं. बदली होणार अशी बातमी गॅरेजभर झाली. आई रडली, एवढं शिकून असले धंदे म्हणून. साहेब माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलायचे बंद झाले, ते आजतागायत. मला वाटलं, संपलं. टेबल आवरायला घेतलं होतं. मग एका दुपारी दोरी बसवायला परवानगी देणारा कागद आला, खाली त्यांची सही. सोबत एक शब्द नाही.

त्यानंतरही सोपं झालं नाही. स्विच मिळेनात. दोरी बसवायला गाडी आत ठेवली की पुन्हा वॉर्डाचे फोन, पुन्हा डबे वाहणार. तो माइकवाला पुढारी पुन्हा आला. एकेक गाडी करत गेलो. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नवीन आल्या, त्यांनाही बसवली. बाबांना मी दोनदा म्हटलं, चला, दाखवते. ते म्हणाले, "माका त्या गाडीच्या पाठी उभो करू नको." ते आलेले नाहीत. मी आता आग्रह करत नाही.

आज आमच्या गॅरेजातल्या प्रत्येक कचरागाडीच्या मागे दोरी आहे. गाडी निघण्याआधी ती ओढून बघितली जाते आणि पातं थांबतं. मी इथे आल्यापासून आमच्या गाडीवर एकाही लोडरचा हात गेलेला नाही.